केसपेपरवर नुसतं ‘चक्कर’ लिहून भागत नाही

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवतो. पोस्ट मोठी आहे, पण घरात कुणाला वारंवार चक्कर येत असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांच्या हातात आरोग्य खात्याचा कारभार आहे, त्यांनी तर वाचाच.

बाजाराच्या दिवशी कुठल्याही सरकारी दवाखान्यात तासभर बसून बघा. “डॉक्टर, चक्कर येते” असं सांगणारं एक तरी माणूस भेटेल. बहुतेक वेळा बाई असते, पन्नाशीच्या पुढची. मग काय होतं? बीपी बघतात. बीपी ठीक असतं. “अशक्तपणा आहे, नीट खात जा.” एक पित्ताची गोळी, एक चक्करची गोळी, फारच आग्रह केला तर सलाईन. केसपेपरवर एकच शब्द: चक्कर. पंधरा दिवसांनी तीच बाई परत रांगेत. मग कुणीतरी सांगतं, मानेचा मणका घासलाय. मग गळ्यात पट्टा येतो. त्यानेही नाही थांबलं तर शहरात जाऊन एमआरआय. तो नॉर्मल येतो. मग घरचेच म्हणायला लागतात, “हिला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.” पुढचं तुम्हाला माहीत आहे. लिंबू उतरवणं, नारळ फोडणं, बाहेरचं बघणं.

यातला सगळ्यात मोठा गोंधळ ‘चक्कर’ या शब्दापाशीच सुरू होतो. आपल्या बोलीत या त्रासाला किती शब्द आहेत बघा. पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी डोकं हलकं होतं. म्हातारपणी चालताना झोक जातो. आणि घर गरगर फिरायला लागतं, आढं फिरतं, पलंग उलटतोय असं वाटून माणूस काठ धरून ठेवतो, ते गरगरणं. आपली म्हातारी माणसं हे चार शब्द बरोबर वेगवेगळे वापरतात, कारण ही चार वेगळी दुखणी आहेत. अंधारी बहुधा रक्तदाबाची नाहीतर अंगात रक्त कमी असल्याची. झोक जाण्यामागे पायांच्या नसा, गुडघे, नजर, मेंदू, काहीही असू शकतं. आणि गरगरणं बऱ्याच वेळा कानाचं असतं. पेशंट चार शब्दांत सांगतो, कागदावर एकच उतरतो, आणि उपचार त्या एका शब्दाला होतो.

आता कानाचा आणि तोलाचा काय संबंध? कान ऐकायला असतो, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण कानाच्या अगदी आत, कवटीच्या हाडात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दोन यंत्रं शेजारी शेजारी बसलेली आहेत. एक ऐकण्याचं, दुसरं तोलाचं. गवंड्याकडे पाणसळ असते ना, तशाच कामाची ही आतली पाणसळ. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, मान कुठे गेली. शेजारी दोन लहान पिशव्या असतात, त्यांत बारीक खडे असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे चुनखडी ज्याची बनते तोच पदार्थ. वर-खाली आणि पुढे-मागे हलण्याची जाणीव त्या खड्यांमुळे होते.

हे खडे वयोमानाने, डोक्याला मार लागून, किंवा कधी काही कारण न सापडताही जागेवरून सुटतात आणि नळीत घुसतात. मग कुशीवर वळलं, फळीवरचा डबा काढायला वर बघितलं, दोरीवर कपडे वाळत घातले, केर काढायला वाकलं, की खडे नळीत घरंगळतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो: आपण फिरतोय. पाऊण-एक मिनिटात खडे तळाला बसतात, फिरणं थांबतं. पुन्हा मान हलवली की पुन्हा सुरू. याला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात. वारंवार गरगरण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. आणि मान वर केली की त्रास होतो, म्हणूनच बिचाऱ्या मानेच्या मणक्यावर आळ येतो.

दुसरा प्रकार मेनिअरचा. यात आतल्या कानातल्या द्रवाचं गणित बिघडतं. एका कानात दडा बसतो, घुंई असा आवाज येतो, त्या कानाने कमी ऐकू येतं, आणि मग जे गरगरायला लागतं ते मिनिटात थांबत नाही. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत चालतं. उलट्या होतात. दुसऱ्या दिवशी माणूस धुतलेल्या फडक्यासारखा होतो. मग महिनाभर काही नाही, आणि एक दिवस परत. मला स्वतःला डाव्या कानाचा हाच त्रास सात वर्षं आहे, म्हणून इतक्या अधिकाराने लिहितोय. पहिली अडीच वर्षं माझ्याही कागदावर ‘चक्कर’ एवढंच होतं.

तिसरा प्रकार तोलाच्या नसेला सूज येण्याचा. सर्दी-तापानंतर बरेचदा होतो. एकदम सुरू होतो आणि दोन-तीन दिवस सलग गरगरत राहतं, मग हळूहळू आठवड्यांनी माणूस सावरतो. शिवाय अर्धशिशीवाल्यांना येणारी एक वेगळी चक्कर आहे, तिचं मूळ मेंदूकडे असतं.

म्हणजे बघा: सेकंद, तास की दिवस? कान बंद होतो का? मान हलवल्यावर सुरू होतं की आपोआप? एवढे तीन प्रश्न विचारले तरी अर्धं निदान हातात येतं. याला मशीन लागत नाही.

आणि हे ज्ञान काल-परवाचं नाही. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिअर या डॉक्टरने १८६१ साली सांगितलं की असे झटके मेंदूचे नसून आतल्या कानाचे असू शकतात. तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धकैदी होते. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली खड्यांच्या चक्करची तपासणी लिहून ठेवली: पेशंटला बसवायचं, मान एका बाजूला वळवायची, झटकन आडवं करायचं, डोकं किंचित खाली, आणि डोळ्यांकडे बघायचं. बुबुळं ठराविक पद्धतीने थरथरली की निदान पक्कं. अमेरिकेतल्या जॉन एपली यांनी तर त्यावरचा उपाय दिला. मान आणि अंग ठराविक क्रमाने वळवत खडे नळीतून परत जागेवर आणायचे. इतकं साधं औषध कसं चालेल म्हणून सुरुवातीला त्यांच्याच पेशातल्या लोकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. त्यांचा निबंध १९९२ साली छापून आला. आज जगभर हीच पद्धत वापरतात आणि बहुतेक पेशंटना एक-दोन बैठकांत आराम पडतो. लागतं काय? एक खाट आणि पाच-दहा मिनिटं.

आता प्रश्न हा आहे की पाच-दहा मिनिटांत बरी होऊ शकणारी बाई तीन-तीन वर्षं गोळ्या का खाते?

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की या खड्यांच्या चक्करला सरसकट दाबून ठेवणारी औषधं देऊ नका आणि दुसरी काही लक्षणं नसतील तर सरसकट स्कॅनही करू नका. साधी गोष्ट आहे, गोळीने खडे जागेवर जात नाहीत. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही औषधं ऐन झटक्यात, उलट्या होत असताना, दोन-चार दिवस उपयोगी आहेत. पण तीच महिनोन्महिने चालू राहिली तर मेंदूला नवा तोल शिकण्यात अडथळा येतो, सुस्ती येते, आणि म्हाताऱ्या माणसांत हातपाय थरथरणं, अंग ताठणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. मग त्याची वेगळी गोळी सुरू होते! मेनिअरसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनचं सांगतो. जर्मनीत झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेणाऱ्यांचे झटके कमी झाले, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचेही तितकेच कमी झाले. याचा अर्थ उद्या सकाळी गोळी बंद करा असा नाही. आपल्या मनाने काहीही बंद करू नका. पण “ही गोळी कशासाठी, किती दिवस?” हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

डॉक्टरांवर सगळं ढकलून मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही. एका सकाळी शंभर-सव्वाशे पेशंट बघायचे, त्यात लसीकरण, मीटिंगा, ऑनलाइन रिपोर्ट. अशात एका बाईला खाटेवर झोपवून डोळे बघायला सवड कुठे? शिवाय त्यांना एक रास्त भीती असते. क्वचित चक्कर मेंदूच्या झटक्याचीही असते आणि ती निसटली तर माणूस जातो. म्हणून हे घरात सगळ्यांना माहीत हवं: चक्करबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, अचानक भयंकर डोकं दुखलं, किंवा आधार देऊनही उभं राहता येईना, तर मानेचे व्यायाम नाहीत, घरगुती उपाय नाहीत, सरळ १०८ ला फोन आणि मोठं हॉस्पिटल. हे नसेल आणि नुसतं कूस बदलताना मिनिटभर गरगरत असेल, तर त्या बाईला एमआरआयची नाही, खाटेवरच्या तपासणीची गरज आहे.

काही जण म्हणतील, यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, घरी करून घ्या. थांबा जरा. कुठल्या कानाचे खडे हे आधी कळायला हवं. उजव्याचा त्रास आणि व्यायाम डाव्याचा केला तर उपयोग नाही. खडे कधी दुसऱ्याच नळीत असतात, तिथली पद्धत वेगळी. आणि ज्यांची मान खरोखरच खराब आहे त्यांनी तर जपूनच. एकदा जाणकाराकडून निदान करून, बघून घ्या. त्रास बऱ्याच जणांना काही महिन्यांनी-वर्षांनी परत होतो, तेव्हा शिकलेलं घरी कामाला येतं.

हा सार्वजनिक प्रश्न का आहे, ते आता सांगतो.

ऊसतोडीची बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिला वर बघताना गरगरलं तर? घरी बसली तर खाडा, पैसे कापले जाणार. रंगारी, गवंडी, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन, कोकणात माडावर चढणारा पाडेली, यांनी मुकादमाला किंवा साहेबाला सांगायचं काय? “साहेब, मला मधूनमधून घर फिरताना दिसतं”? ताप दिसतो, प्लास्टर दिसतं. चक्कर दिसत नाही. ती येऊन गेली की माणूस ठणठणीत दिसतो आणि लोक म्हणतात, आत्ता तर बरा होता!

ड्रायव्हरचं बघा. लायसन्ससाठी फॉर्म १ भरतो ना आपण, त्यात विचारलेलं असतं की फिट, अचानक शुद्ध हरपणं किंवा कोणत्याही कारणाने चक्कर येण्याचा त्रास आहे का? आजवर तुम्ही कुणाला ‘होय’ लिहिताना पाहिलंय? कोण लिहील? ‘होय’ लिहिणाऱ्याची रोजीरोटी जाणार आणि त्याला बरं करण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. मग माणूस ‘नाही’ लिहितो, वर्षानुवर्षं लपवतो, आणि वडाप भरून घाटात गाडी घालतो. ज्याला खड्यांची चक्कर आहे तो उपचारानंतर परत व्यवस्थित गाडी चालवू शकतो. पण त्यासाठी त्याने आधी बोलायला हवं, आणि बोलल्यावर त्याला दवाखान्याची वाट दिसायला हवी, घरचीच नव्हे.

अपंगत्वाचंही तेच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. ऐकू न येणं त्यात आहे, तोल जाणं स्वतंत्रपणे नाही. मेनिअरवाल्याचा एक कान बऱ्यापैकी शाबूत असेल तर कागदोपत्री तो धडधाकट. आठवड्यातून दोन दिवस तो पलंग धरून पडलेला असला तरी.

आणि रस्ते! माणसाचा तोल तीन खांबांवर उभा असतो: कान, डोळे आणि पावलांची जाणीव. कान गेला की माणूस डोळ्यांवर आणि पावलांवर चालतो. आता संध्याकाळी सातनंतर आपल्या पेठेतून चालून बघा. दिवे निम्मे बंद, म्हणजे डोळे गेले. फूटपाथ उखडलेला, गटारावरची फरशी हलती, म्हणजे पावलं गेली. मग उरलं काय? बँकेच्या पायऱ्यांना कठडा नाही, सार्वजनिक शौचालयात धरायला दांडी नाही. म्हातारी माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि आपण म्हणतो, “वय झालं.” वय झालं खरं, पण दिवाही बंद होता ना?

ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, अनुभवाच्या. एक वही करा. तारीख, किती वेळ टिकलं, काय करत होता, कान वाजला का, ऐकू कमी आलं का. डॉक्टरांसमोर ही वही ठेवली की पाच मिनिटांचं बोलणं एका मिनिटात होतं. झटका चालू असताना घरच्यांना मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढायला सांगा, बुबुळांची थरथर बघून डॉक्टरांना बरंच कळतं. सकाळी एकदम उठू नका, आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर, मग उभे राहा. रात्री मोरीपर्यंत बारका दिवा चालू ठेवा. स्टुलावर चढणं, एकट्याने पोहायला विहिरीत उतरणं, झटक्याच्या दिवसांत गाडी चालवणं, बंद. मेनिअर असेल तर मीठ कमी करायला सांगतात. पापड, लोणचं, फरसाण यांवर हात आखडता घ्या. याचा पुरावा फार भक्कम नाही, पण तोटाही नाही. डी जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असणाऱ्यांना भरून दिलं की खड्यांची चक्कर परत येण्याचं प्रमाण घटतं, असं कोरियातल्या २०२० च्या एका अभ्यासात दिसलंय. आणि झटका गेल्यावर भीतीने अंथरुणाला चिकटून राहू नका. नजर एका जागी ठेवून मान हलवण्याचे, चालण्याचे व्यायाम असतात. मेंदू नवा तोल शिकतो, पण चाललो तरच शिकतो.

घरच्यांना एकच सांगणं. “नाटक करतोय” हे वाक्य कृपा करून बंद करा. पलंग फिरत असताना माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती बादलीची, अंधाऱ्या खोलीची आणि कुणीतरी शांतपणे शेजारी बसण्याची.

आता मागण्या. पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना डिक्स-हॉलपाइक तपासणी आणि एपलीची पद्धत हाताला धरून शिकवा. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाने एक दिवस दिला तरी पुरे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत ज्या १२ प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत कान-नाक-घशाच्या सामान्य तक्रारी आहेतच. नवीन योजना नको, निधी नको, पाटीवर लिहिलंय ते करा. दुसरी, केसपेपरवर ‘चक्कर’ लिहिलं की पुढे तीन गोष्टी लिहिणं सक्तीचं करा: गरगरतं की अंधारी येते, किती वेळ, कशाने सुरू होतं. तिसरी, तीन महिन्यांहून जास्त चक्करच्या गोळ्या खाणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांना एकदा तरी खाटेवर झोपवून तपासा. कान बंद होत असेल तर ऐकण्याच्या तपासणीला पाठवा. चौथी नगरपरिषदेला: दिवे, गटारावरच्या फरश्या आणि पायऱ्यांना कठडे. ही मागणी जुनीच आहे, कारण नवीन आहे.

पहिल्या तीन मागण्यांचा अर्ज पुढच्या महिन्यात रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लेखी देणार आहे, चौथीचा मुख्याधिकाऱ्यांना. दोन्ही अर्ज दुकानात ठेवलेत, सकाळी दहा ते रात्री आठ, येऊन वाचा आणि पटलं तर सही करा. ज्यांना जिना चढून यायला भीती वाटते त्यांनी खालून हाक मारावी, कागद घेऊन मी खाली येतो.